हाईम सॅम्युएल केहिमकर : मराठी यहुद्यांचे इतिहासकार

जळगाव जामोदजवळच्या आमच्या खेड्यात आजी जात्यावर ओव्या म्हणे. मी त्या उतरवून घेतल्या नाहीत. आजी गेली, तिच्याबरोबर ओव्याही गेल्या. ही रुखरुख मनात असतानाच केहिमकरांविषयी वाचले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाणी माणसाबरोबर जातात, तशी ती माणसाबरोबर दूरदेशीही पोचतात. 1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी इस्तंबूल, सलोनिका अशा शहरांत विखुरले. पण त्यांच्या बायकांनी स्पॅनिश वळणाच्या आपल्या बोलीतली गाणी पिढ्यान्‌पिढ्या जपली. मराठीतही असे एक घर आहे. कोकणातले बेने इस्राएल घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. घरात त्यांची बोली मराठीच.

या समाजात 1830 साली हाईम सॅम्युएल केहिमकर जन्मले. आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आलेले. खेडी सोडून मुंबईस येणाऱ्या आपल्या लोकांना शिक्षणावाचून गती नाही, हे त्यांनी ओळखले आणि सहकाऱ्यांसह 1875 मध्ये मुंबईत शाळा काढली. तिथे हिब्रूही शिकवीत. पुढे 1880 च्या सुमारास समाजातील तरुणांनी हिंदू शेजाऱ्यांचे कीर्तन आपलेसे केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रंगू लागली.

कीर्तनकार गात होते, केहिमकर लिहीत होते. समाजाचा उगम, सण, लग्नविधी, रूढी हे सारे त्यांनी इंग्रजीत लिहून काढले. 1897 मध्ये ग्रंथ सिद्ध झाला. पण तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. चाळीस वर्षांनी, 1937 मध्ये, तो तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

गाण्यांना छापखान्याची वाट पाहावी लागली नाही. 1948 नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलात गेले, तेव्हा मराठी गाणी कंठातूनच गेली. तिथल्या बायका ती आजही म्हणतात.

मग केहिमकरांचे श्रम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. गाणे कंठात जगते खरे, पण कंठ थांबला की तेही थांबते. ज्यांनी ते म्हटले ते लोक कोण, कसे जगले, हे सांगायला कागदच लागतो.

मित्रहो, घरी आजी असेल तर या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसा. छापणारा चाळीस वर्षांनी भेटला तरी चालेल.