रुसी मोदी (क्रिकेट खेळाडू)

रुस्तमजी शेरियार मोदी, प्रचलित नाव रुसी मोदी (११ नोव्हेंबर १९२४, सुरत - १७ मे १९९६, मुंबई) हे भारतीय क्रिकेट खेळाडू होते. उजव्या हाताचे फलंदाज असलेले मोदी भारताकडून १० कसोटी सामने खेळले. रणजी करंडकाच्या एकाच हंगामात १,००० धावा करणारे ते पहिले फलंदाज होत. टाटा स्टीलचे माजी अध्यक्ष रुसी मोदी हे वेगळे.

युद्धकाळातील पदार्पण

दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी संघांचे भारत दौरे आणि भारतीय संघाचे परदेश दौरे बंद पडले. १९३६ नंतर भारत थेट १९४६ मध्ये कसोटी सामना खेळला. या काळात मुंबईतील तरुण खेळाडूंना गुणवत्ता दाखवण्यासाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेचा रोहिंटन बारिया करंडक, रणजी करंडक आणि धर्मनिहाय संघांची पंचरंगी स्पर्धा एवढीच मोठी व्यासपीठे उरली होती. १९४१-४२ च्या हंगामात, महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वयात, मोदींनी पंचरंगी स्पर्धेत पारशी संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पण केले आणि १४४ धावा काढल्या. उंच व सडपातळ बांध्याचे मोदी नजाकतदार फलंदाजीसाठी ओळखले जात.

१९४४-४५ चा हंगाम

एप्रिल १९४४ मध्ये दारूगोळा घेऊन आलेल्या जहाजावरील स्फोटांनी मुंबईची व्हिक्टोरिया गोदी उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या रणजी हंगामात मोदींनी मुंबईकडून पाच सामन्यांत १६०, २१०, नाबाद २४५, ३१ व ११३, आणि ९८ व १५१ अशा एकूण १,००८ धावा केल्या. पाचही सामन्यांत त्यांचे शतक झाले. ब्रेबॉर्न स्टेडियमवरील अंतिम सामन्यात मुंबईने होळकर संघाचा ३७४ धावांनी पराभव केला. युद्धसेवेनिमित्त भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन या सामन्यात होळकर संघाकडून खेळले व त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. चार डावांत मिळून २,०७८ धावा निघाल्या. मोदींचा हंगामी धावांचा विक्रम १९८८-८९ मध्ये तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी मोडला.

कसोटी कारकीर्द

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये भारतात आलेल्या ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्ध मोदींनी मद्रास येथे २०३ धावा केल्या. जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केले. भारताचा पहिला डाव २०० धावांत आटोपला. त्यात मोदींच्या नाबाद ५७ धावा सर्वाधिक होत्या. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते गेले नाहीत.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटींत त्यांनी ५६० धावा केल्या. मुंबईच्या दुसऱ्या कसोटीतील ११२ धावा हे त्यांचे एकमेव कसोटी शतक ठरले. मुंबईतच झालेल्या अखेरच्या कसोटीत विजयासाठी ३६१ धावा हव्या असताना मोदी (८६) आणि विजय हजारे (१२२) यांनी डाव सावरला. मात्र वेळ संपली तेव्हा भारत ८ बाद ३५५ वर, विजयापासून सहा धावा दूर होता.

१९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्ध ते अखेरची कसोटी खेळले. कसोटीत त्यांनी ४६.०० च्या सरासरीने ७३६ धावा केल्या. त्यांच्या सर्वाधिक बहराची वर्षे भारत कसोटी खेळत नसतानाच सरली होती.

नंतरचे जीवन

मोदींनी मुंबईच्या राज्यपालांचे परिसहायक म्हणून काम केले. क्रिकेटविषयी त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली. १७ मे १९९६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.