रोह्याची सून दुर्गाबाई

रोह्यात चिंतामणराव देशमुखांची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, संस्कृतचे जाणकार. त्यांच्या नावाचं कॉलेज गावात आहे, शाळकरी मुलं त्यांच्यावर भाषणं पाठ करतात. पण मैत्रिणींनो, त्यांच्या पत्नीबद्दल विचारून बघा. बहुतेकींची गाडी तिथेच अडते. फार तर दुर्गाबाई एवढं नाव आठवतं. दिल्लीला जाऊन आलेल्या एखादीने मेट्रोच्या पिंक लाइनवर दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस या स्टेशनची पाटी वाचलेली असते, पण त्या आपल्या रोह्याच्या देशमुखांच्या घरातल्या, हे तिच्याही लक्षात आलेलं नसतं.

तुळशीचं लग्न लागलं की पेण काय आणि रोहा काय, साखरपुड्यांची नुसती धांदल असते. कुणाची सुपारी फुटली, कुणाच्या याद्या झाल्या, अंगठी कुठल्या सोनाराकडची, याच गप्पा. अशा दिवसांत मला दुर्गाबाईंची हमखास आठवण येते. कारण त्यांचं लग्न एकदा आठव्या वर्षी ठरलं आणि एकदा त्रेचाळिसाव्या. पहिलं इतरांनी ठरवलं, दुसरं त्यांनी स्वतः. या दोन्हींच्या मध्ये जी पस्तीस वर्षं गेली, ती मला सांगायची आहेत.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ चा, आंध्रातल्या राजमहेंद्रीचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षी सुब्बाराव नावाच्या मुलाशी त्यांचं लग्न लागलं. भातुकलीचं वय. लग्न म्हणजे काय, हे कळायच्या आधीच त्या कुणाच्या तरी बायको झाल्या होत्या.

पण ही मुलगी वेगळीच होती. शाळेत इंग्रजी माध्यमाची सक्ती झाली, तेव्हा बाराव्या वर्षी तिने शाळा सोडली आणि पुढे मुलींना हिंदी शिकवायला स्वतःच पाठशाळा काढली. १९२१ मध्ये गांधीजी काकीनाड्याला येणार होते. तिथल्या देवदासींना आणि पडद्यातल्या मुसलमान बायकांना गांधीजींना भेटता यावं, असा तिने ध्यास घेतला. मोठ्या माणसांनी अट घातली, पाच हजार रुपयांची थैली जमव, मग बघू. या पोरीने त्या बायकांच्या मदतीने पैसे उभे केले आणि सभा घडवून आणली. ज्यांच्या सावलीलाही कुणी उभं राहत नव्हतं, त्या बायकांशी तिची गट्टी जमली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, काकीनाड्यालाच काँग्रेसचं अधिवेशन भरलं. शेजारी खादीचं प्रदर्शन होतं आणि दारावर तिकीट तपासायला स्वयंसेविका म्हणून दुर्गाबाई उभ्या होत्या. वय वर्षं चौदा. जवाहरलाल नेहरू आले, त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. तिने सरळ अडवलं. संयोजकांची पळापळ झाली, पण तिकीट घेतल्याशिवाय तिने नेहरूंना आत सोडलं नाही. नेहरूंना राग आला नाही, उलट कौतुकच वाटलं. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास सासरी नांदायला जायची वेळ आली, तेव्हा दुर्गाबाईंनी नकार दिला. सुब्बारावांशी त्यांचं काही भांडण नव्हतं. पण आपलं आयुष्य शिक्षणाकडे आणि देशाच्या कामाकडे जाणार, त्यांना हवा तसा संसार आपल्याकडून होणार नाही, हे त्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि दुसरं लग्न करण्याची मोकळीक दिली. वडील आणि भाऊ पाठीशी उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आजही ठरलेलं लग्न मोडलं की मुलीच्या आईला बाजारात तोंड लपवत जावं लागतं. मग तेव्हा त्या घरावर काय काय बोलणी बसली असतील, याचा अंदाज आपल्याला येतोच. आणि एक नवलाची गोष्ट पुढे घडली. सुब्बारावांच्या निधनानंतर त्यांच्या दुसऱ्या पत्नीला आधार दिला तो दुर्गाबाईंनीच. आपल्याकडे अशा नात्याला नावसुद्धा नाही. मी तरी त्याला मैत्रीच म्हणेन.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात दुर्गाबाई तुरुंगात गेल्या. पुढच्या तीन वर्षांत त्यांना तीनदा तुरुंगवास घडला. तिथे त्यांच्यासोबत साध्या गुन्हेगार म्हणून आलेल्या बायका होत्या. अक्षरओळख नाही, कायदा ठाऊक नाही, काही तर दुसऱ्यांचे गुन्हे अंगावर घेऊन आलेल्या. त्यांची कहाणी ऐकताना आपण शिकलंच पाहिजे, वकील झालंच पाहिजे, असं दुर्गाबाईंच्या मनाने घेतलं. सुटल्यावर बनारसची मॅट्रिक, मग बी.ए., मग एम.ए., आणि १९४२ मध्ये मद्रासला कायद्याची पदवी. बाराव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईचा हा प्रवास आहे.

अभ्यासही त्यांनी एकटीने केला नाही. मद्रासमध्ये शेजारपाजारच्या मुलींना, शिक्षण सुटलेल्या बायकांना त्या मॅट्रिकच्या परीक्षेसाठी शिकवू लागल्या. त्यातूनच १९३७ च्या सुमारास आंध्र महिला सभा उभी राहिली. आधी घरगुती वर्ग, मग वसतिगृह, हातकामाचं शिक्षण, दवाखाना, असा तो वेल वाढत गेला. आपल्या पेणला पापड-मिरगुंडांच्या निमित्ताने बायका एकत्र बसतात. लाटता लाटता एकमेकींची दुखणी-खुपणी कळतात, कुणाची फी भरायची राहिली, कुणाचा नवरा कामावर जात नाही, सगळं निघतं. तसंच काहीसं ते असणार. फरक एवढाच, की दुर्गाबाईंनी त्या बसण्याची संस्था केली.

१९४६ मध्ये त्या घटना समितीवर गेल्या. राज्यघटना बनवणाऱ्या त्या सभेत पंधरा स्त्रिया होत्या, त्यांतल्या त्या एक. सभेचं कामकाज चालवणाऱ्या अध्यक्षांच्या तालिकेवर तर त्या एकट्याच स्त्री होत्या. मुलींना वडिलांच्या मालमत्तेत हक्क हवा, यासाठी त्या बोलल्या. पण १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मात्र त्या हरल्या. नेहरूंनी त्यांना नियोजन मंडळावर घेतलं, आणि तिथे त्यांच्यासमोर होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख.

आता थोडं चिंतामणरावांबद्दल. जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. लहानपण रोह्यातलं. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, मग आयसीएसच्या परीक्षेतही पहिले. रोझिना या इंग्रज मुलीशी त्यांचं लग्न झालं, एक मुलगी झाली. १९४९ मध्ये रोझिनाबाई गेल्या. १९५२ मध्ये ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे एक जिंकलेले आणि एक हरलेल्या, असे हे दोघे दिल्लीत एका टेबलाशी येऊन बसले.

ओळख झाली ती कामातून. बायका-मुलांच्या, अपंगांच्या, निराधारांच्या कामाला सरकारी योजनेत वेगळा पैसा हवा, असा दुर्गाबाईंचा आग्रह होता. पैशाच्या किल्ल्या चिंतामणरावांकडे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत या कामासाठी ४ कोटी रुपये ठेवले गेले. बैठका, कागदपत्रं, चर्चा असं रोजचं एकत्र काम चाललं होतं. आपण साखरपुड्याआधी मुलामुलीला तासभर गच्चीवर बोलायला पाठवतो आणि त्यातून त्यांनी एकमेकांना ओळखावं, अशी अपेक्षा करतो. इथे दोघांनी एकमेकांना काम करताना पाहिलं होतं. ओळखीची मैत्री झाली आणि मैत्रीतून लग्नाचा विचार पुढे आला.

ते सत्तावन्न वर्षांचे, त्या त्रेचाळीस वर्षांच्या. ते मराठी, त्या तेलुगू. ते साहेबी वातावरणात वाढलेले सरकारी अधिकारी, इंग्रजांनी सर ही पदवी दिलेले. त्या इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेल्या. पत्रिका जुळवायला बसलं असतं तर एकही गुण जुळला नसता. पण दोघांनी ठरवलं आणि २२ जानेवारी १९५३ रोजी दिल्लीत हे लग्न झालं. तीन साक्षीदार होते. त्यांतले एक कोण, सांगू? पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. काकीनाड्याच्या दारावर ज्यांना तिकिटासाठी अडवलं होतं, तेच तीस वर्षांनी दुर्गाबाईंच्या लग्नाच्या कागदावर सही करत होते.

लग्नानंतर दुर्गाबाईंचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्या त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. गावोगावच्या महिला मंडळांना, बालवाड्यांना या मंडळाच्या अनुदानातून बळ मिळालं. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी १९५८ पासून मंडळाने थोड्या काळात परीक्षेला बसवणारे वर्ग काढले. ते दुर्गाबाईंच्याच आयुष्यातून आलेले होते, हे वेगळं सांगायला नको. चीनचा दौरा करून आल्यावर घरगुती खटल्यांसाठी वेगळी न्यायालयं हवीत, असं त्या सांगू लागल्या. तो कायदा झाला १९८४ मध्ये, त्यांच्या पश्चात.

परीक्षेची वेळही आली. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्यांनी लग्नाला साक्ष दिली, त्याच नेहरूंच्या मंत्रिमंडळातून नवरा बाहेर पडला. दुर्गाबाई मात्र आपल्या जागी काम करत राहिल्या. १९५८ मध्ये स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. नवऱ्याचं पद गेलं म्हणून बायकोचं काम गेलं, असं त्या घरात झालं नाही. चिंतामणराव तिकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम बघू लागले. १९७५ मध्ये तर एकाच वर्षी दोघांना पद्मविभूषण मिळालं.

हे सगळं आज का सांगते आहे? आमच्या मैत्रिणींच्या घोळक्यात एक चव्वेचाळीस वर्षांची मैत्रीण आहे. नोकरी करते, आईचं सगळं बघते, आमच्या प्रत्येकीच्या मुलांच्या बारशाला राबलेली. तिने लग्न ठरवलं. माणूस विधुर, चांगला, तिच्या कामाची कदर असलेला. ही बातमी कळली तेव्हा अभिनंदनाआधी कुजबुज झाली. या वयात कशाला, लोक काय म्हणतील, आईचं कोण करणार. त्या माणसाला मात्र कुणी काही विचारलं नाही. त्याला घरात बाई हवीच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. तिचा साखरपुडा चार माणसांत, गुपचूप उरकायचं घरात चाललं होतं, जणू काही चुकलंच आहे.

आणि यात फक्त नातेवाइकांनाच दोष देऊन चालणार नाही. बायकाच बायकांना हे विचारतात. रोज सुख-दुःख वाटून घेणाऱ्या मैत्रिणीसुद्धा अशा वेळी मागे सरतात. तिला त्या वेळी साडीच्या रंगाबद्दल विचारणारी, तू लाडू कुठून मागवणार म्हणून विचारणारी मैत्रीण हवी असते. वीस वर्षांच्या मुलीला जे लाड मिळतात, तेच तिलाही हवे असतात. तिने लग्न नाही करायचं ठरवलं, तरी तेवढ्याच आनंदाने सोबत राहायला हवं. दुर्गाबाईंनी दोन्ही केलं. पंधराव्या वर्षी नको म्हटलं, त्रेचाळिसाव्या वर्षी हो म्हटलं. मधल्या काळात त्या कुणाची वाट बघत बसल्या नव्हत्या. भोवती बायका होत्या, काम होतं, भरलेलं घर होतं. म्हणून त्यांना आधारासाठी लग्न करावं लागलं नाही, सोबतीसाठी करता आलं.

उत्तरायुष्यात दोघं हैदराबादला राहिली. ९ मे १९८१ ला दुर्गाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ ला चिंतामणराव. दुर्गाबाईंनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या आहेत, पुस्तकाचं नाव चिंतामण अँड आय. म्हणजे चिंतामण आणि मी. देशाचा अर्थमंत्री झालेल्या नवऱ्याला बरोबरीच्या मित्रासारखं नुसत्या नावाने हाक, आणि शेजारी मी.

पुढच्या वेळी रोह्यात चिंतामणरावांचा विषय निघाला, तर दुर्गाबाईंचंही नाव घ्या. आणि तुमच्या ओळखीत कुणी उशिरा लग्न ठरवत असेल, तर साखरेचा पुडा घेऊन पहिल्यांदा तुम्ही जा. हळद-कुंकू लावा, फोटोत तिच्या शेजारी उभ्या राहा. बाकीच्या बायका मग आपोआप येतील.