तक्त्यात मुद्दाम रिकामी घरं सोडली, अन् ती भरलीही! आईच्या जिद्दीवर शिकलेल्या मेंडेलीव्ह यांची गोष्ट

दहावीच्या विज्ञानात मूलद्रव्यांचा तक्ता असतो. पोरं तो पाठ करतात, मार्क घेतात अन् विसरून जातात. या तक्त्याचा पाया घालणारे दिमित्री मेंडेलीव्ह मूळचे सायबेरियाचे. १८३४ साली तोबोल्स्क इथं जन्म.

डझनाहून जास्त भावंडांत हे शेंडेफळ. वडील शाळेचे मुख्याध्यापक, पण दिमित्री जन्मला त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली. घर चालवायला आई मारियाने माहेरचा काचेचा कारखाना हाती घेतला. १८४७ ला वडील गेले आणि पुढच्याच वर्षी कारखाना जळून खाक झाला. तरी ही माउली पोराला घेऊन दोन हजार किलोमीटरवरच्या मॉस्कोला निघाली. तिकडे तेव्हा रेल्वे नव्हती. मॉस्कोच्या विद्यापीठाने प्रवेश दिला नाही. मग सेंट पीटर्सबर्ग गाठलं. वडील जिथं शिकले त्याच संस्थेत १८५० मध्ये पोराचं नाव लागलं आणि थोड्याच दिवसांत आई वारली.

पुढे मेंडेलीव्ह त्याच शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. मुलांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहायला घेतलं आणि तिथंच घोडं अडलं. तोवर ६३ मूलद्रव्यं सापडली होती, पण कोणतं आधी शिकवायचं, कोणतं नंतर, याला काही धरबंध नव्हता. जर्मनीच्या डोबेरायनर यांनी सारख्या गुणांची तीन-तीन मूलद्रव्यं एकत्र लावून पाहिली होती. इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी दर आठव्याला गुण पुन्हा येतात असं सांगितलं, तर लोक हसले. दोघांचंही थोडं जमलं, सगळं नाही.

१८६९ च्या फेब्रुवारीत मेंडेलीव्ह यांना चीज बनवणाऱ्या सहकारी डेअऱ्या पाहायला जायचं होतं. त्या दौऱ्याबद्दल आलेल्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मूलद्रव्यांची वजनं खरडून पाहिली. तक्ता स्वप्नात दिसला, अशी गोष्ट लोक चवीने सांगतात. पण कागदांवरची खाडाखोड वेगळंच सांगते.

त्यांची पद्धत साधी होती. अणूच्या वजनाप्रमाणे मूलद्रव्यं ओळीने लावायची आणि सारख्या गुणांची एकाखाली एक येऊ द्यायची. जस्ताचं वजन ६५. त्याच्यापुढे माहीत असलेलं मूलद्रव्य म्हणजे आर्सेनिक, वजन ७५. सरळ क्रमाने गेलं तर आर्सेनिक ॲल्युमिनिअमच्या खाली येतं. पण त्याचे गुण तर फॉस्फरससारखे! दुसऱ्या कुणी वैतागून तक्ताच फाडला असता. मेंडेलीव्ह यांनी मधली दोन घरं रिकामी सोडली आणि ही मूलद्रव्यं अजून सापडायची आहेत, असं छापून मोकळे झाले. बोरॉनच्या बाबतीतही तसंच एक घर सोडलं. नावं दिली एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन, एका-बोरॉन. यातलं एका म्हणजे संस्कृतमधला एक, आपल्या ओळखीचाच.

नुसती जागा सोडून ते थांबले नाहीत. १८७१ मध्ये त्यांनी न पाहिलेल्या या मूलद्रव्यांचं वजन, घनता, गुण सगळं लिहून काढलं. चुकलं असतं तर जगभर हसं झालं असतं.

१८७५ मध्ये फ्रान्सच्या ल कॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलिअम सापडलं. घनता मोजली ती ४.७. मेंडेलीव्ह यांनी रशियात बसून कळवलं, ५.९ च्या आसपास यायला पाहिजे, पुन्हा तपासा. ज्याने धातू हातात धरला त्याला न पाहिलेल्याने चूक सांगायची, म्हणजे कमालच! पण धातू शुद्ध करून पुन्हा मोजला, तर घनता ५.९ च निघाली. १८७९ मध्ये स्कँडिअम आलं, १८८६ मध्ये जर्मेनिअम. जर्मेनिअमचं वजन त्यांनी ७२ सांगितलं होतं, भरलं साधारण ७२.६. मग मात्र हसायला कुणी उरलं नाही.

शेतीचाही त्यांना नाद होता. १८६५ मध्ये बोब्लोवो इथं जमीन घेऊन त्यांनी खतांचे प्रयोग केले. १८८७ मध्ये सूर्यग्रहण पाहायला बलूनमध्ये बसले. पावसाने भिजलेला बलून दोघांना उचलेना, तेव्हा चालवणाऱ्याला उतरवून, काही अनुभव नसताना एकटेच वर गेले आणि धडपणे खालीही आले.

एका ठिकाणी मात्र त्यांचा हट्ट नडला. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड, तरी गुण पाहून त्यांनी ते आधी ठेवलं. जागा बरोबर होती, पण वजनच चुकीचं मोजलंय हे त्यांचं म्हणणं खोटं ठरलं. क्रम खरा वजनावर नाही, अणूच्या केंद्रातल्या धनप्रभारावर लागतो, हे मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवलं. तोवर मेंडेलीव्ह जाऊन सहा वर्षं झाली होती. १९०६ चं नोबेल थोडक्यात हुकलं, ते फ्रान्सच्या म्वासाँ यांना मिळालं. १९५५ मध्ये अमेरिकेत १०१ वं मूलद्रव्य तयार झालं. त्याचं नाव मेंडेलेव्हिअम.