अल-मसऊदी : चौलचे बंदर आणि जंजचा समुद्र

अंबरनाथच्या प्राचीन शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, एक शिलालेख आहे. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाच्या काळातला. याच घराण्यातील झंझ नावाचा राजा त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी कोकणावर राज्य करीत होता. झंझच्या कारकिर्दीत, हिजरी सन ३०४ मध्ये (इ. स. ९१६-१७), बगदादचा एक तरुण विद्वान चौल बंदरी येऊन पोहोचला. त्याने लिहून ठेवले नसते, तर त्या काळी चौलमध्ये नांदणाऱ्या मुस्लिम वस्तीची आज आपल्याला फारशी ओळख उरली नसती. हे विद्वान म्हणजे अबुल हसन अली बिन हुसैन अल-मसऊदी.

प्रेषितांचे (स.) थोर सहाबी ह. अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या वंशात, हिजरी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. त्यांच्या मजहबाविषयी विद्वानांत मतभेद आहेत; तो विषय इथे नको. त्यांचे वेगळेपण असे, की ऐकीव ज्ञानावर त्यांचे समाधान होत नसे. सिंधू नदीत मगरी आहेत, म्हणून ती नाईल नदीतूनच निघाली असली पाहिजे, असा तर्क बसऱ्याचे नामवंत साहित्यिक जाहिज यांनी केला होता. ज्याने समुद्र ओलांडला नाही, प्रवासाची धूळ अंगावर घेतली नाही, त्याचा तर्क असाच चालायचा, हे मसऊदींनी स्पष्टपणे नोंदवले. ते स्वतः इराणमधून मुलतान व मन्सूरा पाहत कोकणात उतरले.

चौलला अरब सैमूर म्हणत. तिथे मसऊदींना सुमारे दहा हजार मुसलमान आढळले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले, इथेच विवाह करून स्थायिक झालेले लोक त्यांत होते. त्याचबरोबर बयासिरा होते, म्हणजे हिंदच्या भूमीतच जन्मलेले मुसलमान. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातूनच एक प्रमुख नेमला जाई. त्या पदाला हुनरमन म्हणत, आणि त्या वेळी त्यावर अबू सईद मअरूफ बिन जकरिया होते. झंझचे सार्वभौम राष्ट्रकूट सम्राट मुसलमानांचा मान राखतात, त्यांच्या राज्यात मशिदी उभ्या आहेत, हेही मसऊदींनी लिहिले. याला भिंतीपलीकडची साक्षही मिळते. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८ च्या ताम्रपटात संजाण प्रांताचा राष्ट्रकूटांचा अधिकारी मुहम्मद नावाचा मुसलमान आहे, आणि ताम्रपटाचा विषय आहे देवीच्या मठाला दिलेले दान!

त्याच हिजरी ३०४ मध्ये मसऊदी जंजच्या समुद्रावरही होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला अरब जंज म्हणत. पुढे सवाहिल, म्हणजे किनारे, या अरबी शब्दावरून तिथल्या लोकांना व भाषेला स्वाहिली हे नाव मिळाले. कनबलू बेटावरून ओमानला ते ज्या जहाजाने परतले, ते सिराफच्या दोन भावांच्या मालकीचे होते. पुढे हे दोघे भाऊ त्याच समुद्रात जहाजासह बुडाले. अनेक समुद्र ओलांडलेल्या मसऊदींनी याहून भयंकर समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी जहाजांची बांधणीही बारकाईने पाहिली. या समुद्रात सागवानी फळ्या लोखंडी खिळ्यांनी न ठोकता नारळाच्या काथ्याने शिवत असत. हा काथ्या आपल्या कोकणी माणसाला सांगायला नको.

जंजचा हस्तिदंत आधी ओमानला जाई आणि तिथून चीन व हिंदला. हिंदमध्ये त्याच्या खंजिरांच्या मुठी आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या होत. जंजचा राजा न्यायापासून ढळला, तर लोक त्याला ठार करीत आणि त्याच्या वंशजांना गादीपासून कायमचे दूर ठेवीत, ही त्यांची नोंद मला फार मोलाची वाटते. आणि कनबलूविषयी त्यांनी एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे : तिथले मुसलमान जंजचीच भाषा बोलत. दीन समुद्रापलीकडून आला, पण बोली किनाऱ्याचीच राहिली. मराठीतून दीन शिकणाऱ्या आपल्या वाचकांना अधूनमधून दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारले जातात. त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र याच मसऊदींनी काळ्या वर्णाच्या लोकांविषयी ग्रीक वैद्य गॅलेनच्या नावावर चालणारी हीन मतेही आपल्या ग्रंथात उतरवून घेतली. त्यांच्या जन्माच्या काही वर्षे आधीच बसऱ्याच्या परिसरात जंज गुलामांचे चौदा वर्षांचे बंड मोडून काढले गेले होते. तो कडवटपणा हवेत होता. तरी ह. बिलाल (रजि.) यांची अजान ज्या उम्मतने ऐकली, तिच्यातील विद्वानाला हे शोभले नाही, असे म्हणणे भाग आहे. जो जाहिजच्या मगरी तपासतो, त्याने गॅलेनही तपासायला हवा होता.

जमिनीने मात्र आपली साक्ष जपून ठेवली. केनियातील लामू द्वीपसमूहातल्या शांगा येथे १९८० च्या दशकात उत्खनन झाले. तिथे एकावर एक बांधलेल्या मशिदींचे थर निघाले. सर्वांत खालची, लहानशी लाकडी मशीद इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे मसऊदींच्या शंभरहून अधिक वर्षे आधीची आहे. ती परक्यांच्या वसाहतीत नव्हे, तर तिथल्याच आफ्रिकी वस्तीच्या मधोमध उभी होती. मसऊदींचे कनबलू म्हणजे टांझानियातील पेंबा बेट, असे बहुतेक संशोधक मानतात.

हिजरी ३३२ मध्ये त्यांनी मुरूजुज्जहब हा ग्रंथ पुरा केला आणि पुढे त्यात दुरुस्त्याही केल्या. उत्तरायुष्य शाम आणि मिसरमध्ये गेले. हिजरी ३४५ मध्ये (इ. स. ९५६) तंबीह हा शेवटचा ग्रंथ हातावेगळा करून त्याच वर्षी मिसरमधील फुस्तात येथे त्यांचे निधन झाले. अख्बारुज्जमान हा त्यांचा सर्वांत विस्तृत इतिहास नष्ट झाला. त्याचा उल्लेख ते मुरूजमध्ये वारंवार करतात, आणि अधिक तपशील तिथे पाहावा, असे वाचकाला सुचवून पुढे जातात.