मुंबईच्या डेटा सेंटरची गोष्ट जमशेटजी टाटांपासून का सुरू होते?

तुम्ही आत्ता बघताय ती रील कदाचित ऐरोली किंवा महापेच्या डेटा सेंटरमधून आली असेल. तिथले सर्व्हर आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा चोवीस तास वीज खातात. मुंबईत असं एकसारखी वीज लागणारं मोठं गिऱ्हाईक जमशेटजी टाटांनी शंभर वर्षांपूर्वीच हेरलं होतं. तेव्हा सर्व्हर नव्हते, कापड गिरण्या होत्या.

जमशेटजींचा जन्म १८३९ चा, नवसारीचा. १८७७ मध्ये त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, पुढे कुर्ल्याची स्वदेशी मिल. त्यामुळे गिरणीचं दुखणं त्यांना पक्कं ठाऊक होतं. गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि धूर शहराच्या छाताडावर.

डेव्हिड गोस्टलिंग यांची एक कल्पना त्यांना पटली. लोणावळ्याचा पाऊस धरणांत अडवायचा, पाणी घाटाखाली खोपोलीला सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं आणि त्यावर वीज बनवायची. पण धरण बांधायला प्रचंड पैसा लागतो. तो वसूल व्हायचा तर रोज, तासन्‌तास वीज घेणारं कुणीतरी हवं. घरातल्या दिव्यांवर हे गणित बसत नव्हतं, गिरण्यांवर बसत होतं. (आज वीज कंपन्यांना डेटा सेंटर का आवडतात, त्याचं उत्तर हेच.)

१९०३ मध्ये विजेच्या दिव्यांचं ताज हॉटेल उघडलेलं त्यांनी पाहिलं. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. वीज कंपनी थोरला मुलगा दोराबजींनी १९१० मध्ये उभी केली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली.

या गोष्टीतला एक भाग टाटांच्या चरित्रांत घाईघाईने उरकला जातो. विजेची मागणी वाढली तशी आणखी धरणं आली. मुळशीत शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. वीज मुंबईला, विस्थापन मावळाला.

आता गिरण्या गेल्या. घाटातलं पाणीही मुंबईला पुरत नाही. ट्रॉम्बेला कोळसा जळतोच आहे आणि डेटा सेंटरच्या मागणीमुळे तो बंद करणं आणखी अवघड झालंय. खोपोलीचं केंद्र अजून चालू आहे, क्षमता ७२ मेगावॅट. डेटा सेंटरचा एखादा मोठा कॅम्पस एकटाच त्याहून जास्त वीज मागतो.