ढोलकीच्या मागे गेलेला कुलकर्णी

पौष पौर्णिमा जवळ आली की शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात म्हशाच्या जत्रेचे वेध लागतात. कणगीत भात पडलेले असते, हातात चार पैसे असतात आणि हवेत चांगलाच गारठा असतो. शेणव्यासारख्या गावांतल्या जुन्या पिढीला या जत्रेची दोन रूपे ठाऊक होती. दिवसाची जत्रा म्हसोबाचे दर्शन, बैलबाजार आणि घोंगड्यांची खरेदी यांची. रात्रीची जत्रा मात्र तमाशाच्या कनातीतली. गॅसबत्त्या पेटायच्या, ढोलकीवर थाप पडायची आणि दिवसभर बैलांचे दात मोजणारा शेतकरी पहाटेपर्यंत थंडी विसरून बसायचा.

गण झाला, गवळण झाली, मावशीने हसवून घेतले, लावणी रंगली आणि मग वग उभा राहिला, असा तो रात्रीचा क्रम. महाराष्ट्रातल्या असंख्य कनातींत गायल्या गेलेल्या या गण-गवळणी, लावण्यांपैकी कितीतरी एकाच माणसाच्या. पठ्ठे बापूराव हे त्यांचे फडावरचे नाव. खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी.

११ नोव्हेंबर १८६६ रोजी आज सांगली जिल्ह्यात असलेल्या वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष या गावी त्यांचा जन्म झाला. घर ब्राह्मणाचे, गावचे कुलकर्णीपण घरात. पोराने चार बुके शिकावीत, दप्तर सांभाळावे आणि कृष्णाकाठी सुखाने राहावे, एवढीच अपेक्षा. थोडेफार शिक्षण झालेही. पण आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि श्रीधर गावच्या दप्तरापाशी येऊन बसला. हात हिशेब लिहीत होता, कान मात्र दुसरीकडे होते. रात्री गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ढोलकी-तुणतुण्याचा आवाज येई आणि हा कुलकर्णी तिकडे ओढला जाई.

त्या काळात हे अंतर किती मोठे होते, हे आज चटकन लक्षात येणार नाही. तमाशाची कला प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांच्या कष्टावर जगत होती. गाव रात्री त्यांच्यासमोर फेटे उडवी आणि सकाळी त्यांची सावली टाळी. उच्चवर्णीयाने तमाशा पाहणे चालून जाई, मात्र अंधारात, मागे उभे राहून. कवने रचून देणेही एकवेळ खपले असते. बापूरावांनी ती सोयीची वाट धरली नाही. कुलकर्णीपण, घर, जात, नातेवाईक सारे मागे टाकून ते फडात जाऊन उभे राहिले. गावाच्या लेखी कुलकर्ण्याचा मुलगा बिघडला आणि तमाशाला शाहीर मिळाला.

रचना विलक्षण वेगाने होई. आपण दोन लाख लावण्या रचल्या, असा त्यांचा दावा सांगितला जातो. आकडा बाजूला ठेवला तरी गण, गवळण, भेदिक, झगड्याची लावणी, वग असा तमाशाचा एकही कोपरा त्यांनी सोडला नाही, हे खरे. अंगात ब्राह्मणी घरातल्या पुराणकथांचे संस्कार आणि जिभेवर गावरान बोली, असा त्यांचा मिलाफ होता. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांपुढे त्यांनी ‘मिठाराणी’चा वग सादर केला. ज्या कलेला वाड्याच्या मागल्या दारानेही संकोचाने घेत, ती छत्रपतींच्या समोर उभी राहिली.

बापूरावांचे नाव घेताना आणखी एक नाव घ्यावेच लागते. पवळाबाई. संगमनेर तालुक्यातले हिवरगाव पावसा हे त्यांचे गाव, महार समाजातला जन्म. तोवर तमाशात बाईचे काम बहुधा नाच्या पोऱ्या करी. फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या नामवंत स्त्री कलावंतांत पवळाबाईंची गणना होते. त्यांचे रूप, गळा आणि नाच यांची कीर्ती अशी की नामचंद पवळा हे बिरूदच पडले. बापूरावांचे शब्द आणि पवळाबाईंची अदा एकत्र आली आणि हा फड महाराष्ट्रभर गाजला. एका ब्राह्मणाने महार स्त्रीबरोबर उघडपणे संसार आणि फड मांडावा, ही गोष्ट समाजाने विसरली नाही आणि माफही केली नाही.

या दोघांची खरी सत्ता चालली ती मुंबईत. गिरण्यांची धुराडी वाढत होती. सातारा, कोकण, घाटमाथ्यावरून माणसे येत होती, बहुतेक एकटीच. बायको-पोरे गावाला, जेवण खाणावळीत, झोपायला खोलीतली वाटणीची जागा. पाळी संपल्यावर या माणसाने जायचे कुठे? ग्रँट रोडजवळच्या पिला हाउसच्या नाटकगृहांत दिवे लागत आणि तमाशाची तिकिटे निघत. ढोलकी ऐकताना त्याला काही घटका आपले गाव परत मिळे. बापूरावांनी या मुंबईवरही लावणी रचली. शहराचा झगमगाट, गर्दी आणि मोह त्यांनी खेड्यातून आलेल्या माणसाच्या नजरेने टिपला. ती लावणी पुढे पिढ्यान्पिढ्या गायली गेली.

गंमत अशी की याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथे हेच घडत होते. बंदरात आणि कारखान्यांत राबायला समुद्रापलीकडून एकटे पुरुष आले होते आणि त्यांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत, रात्रीच्या गुत्त्यांत टँगो हा नाच रुजत होता. तिथल्या सभ्य घरांनीही नाक मुरडले. पुढे १९१०च्या दशकात पॅरिसने टँगोला डोक्यावर घेतले, तेव्हा त्याच घरांना तो आपला वाटू लागला. लावणीच्या नशिबी असे पॅरिस आले नाही. बापूराव गेल्यावर थोड्याच वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली, पण संहिता आधी तपासून घ्यायची अट मागे ठेवूनच.

बापूरावांच्या आयुष्यातला सर्वांत बोचरा प्रसंग रंगमंचाबाहेर घडला. महाडच्या सत्याग्रहाचे ते दिवस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्याच समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्या मुक्तीच्या लढ्याला चालणार नव्हता. चळवळीला पैशाची चणचण असताना घेतलेला हा निर्णय होता.

इथे वाचकाने क्षणभर थांबावे. बापूरावांची दानत खोटी म्हणावी, तर त्यांनी या लोकांसाठी जात सोडली होती. बाबासाहेब कठोर झाले म्हणावे, तर त्यांचा प्रश्न रास्त होता. बापूरावांनी जात सोडली ती आपल्या इच्छेने. पवळाबाईंना मात्र जात सोडायची सोय नव्हती. त्याच जातीने त्यांना फडावर आणले होते आणि तिथल्या टाळ्या व टोमणे एकाच जागी पदरात पडत होते. बापूराव बिघडलेले ब्राह्मण ठरले, तरी शाहीर म्हणून नावाजले गेले. पवळाबाई अखेरपर्यंत नाचणारी बाई राहिल्या.

पुढे दोघांची ताटातूट झाली. पवळाबाई गेल्यावर फडाची रया गेली. मुंबईतही नवे वारे आले, पडद्यावरची चित्रे बोलू लागली. ज्यांच्या खेळाला तिकिटे पुरत नसत, त्या बापूरावांचे उत्तरायुष्य हलाखीत गेले. पवळाबाईंनी त्यांच्या आधीच जगाचा निरोप घेतला. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात बापूरावांनी डोळे मिटले. मागे ना वाडा, ना वतन. नंतर रीतीप्रमाणे गौरव झाला, त्यांच्या नावाने चित्रपटही निघाला. लाखोंच्या त्या रचनांपैकी छापील स्वरूपात उरल्या त्या थोड्याच. बाकीच्या ज्यांनी तोंडपाठ केल्या त्यांच्याबरोबरच गेल्या.

म्हशाच्या जत्रेत आजही रात्र जागते. गॅसबत्तीच्या जागी विजेचे झोत आले, आवाज भोंग्यातून येतो. पण मध्यरात्री ढोलकी घुमली की माणसे अजूनही सरसावून बसतात. पहाटे फड उठतो, कनात उतरते आणि घुंगरू सोडलेल्या बाया पुढच्या गावाच्या गाडीत पेंगत बसतात. आपणही घोंगडी झटकून घरी निघतो. रात्रभर ज्यांनी आपल्याला हसवले, रडवले, त्यांच्याशी दिवसाउजेडी आपण कसे वागतो? बापूरावांनी त्यांच्यापरीने या प्रश्नाचे उत्तर दिले आणि त्याची किंमत मोजली. पवळाबाईंचा हिशेब मात्र अजून बाकी आहे.