नाना फडणवीस वाडा, मेणवली

नाना फडणवीस वाडा ही महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यात वाईजवळ कृष्णा नदीच्या काठी असलेल्या मेणवली गावातील अठराव्या शतकातील वास्तू आहे. पेशवाईतील मुत्सद्दी बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी १७४२ – १३ मार्च १८००) यांनी तो बांधला. नानांचे बहुतेक आयुष्य पुण्याच्या राजकारणात गेले. मेणवलीस राहण्याची उसंत त्यांना फारशी मिळाली नाही.

नाना आणि मेणवली

नानांचा जन्म साताऱ्याचा. भानू घराणे मूळचे कोकणातील. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारल्यावर फडणिशी चौदा वर्षांच्या नानांकडे आली. १७६१ मध्ये ते पानिपतावरून जिवानिशी परतले, परंतु सोबत गेलेल्या आई रखमाबाई त्या धामधुमीत कायमच्या अंतरल्या. या प्रसंगांची हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

डिसेंबर १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना इनाम दिले. पुढे नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंच्या कारभारात नाना अग्रभागी आले. इंग्रजांशी झालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. मेणवलीचा वाडा साधारणतः याच काळातला.

वास्तुरचना

मेणवलीचा वाडा एकामागून एक अशा सहा चौकांचा आहे. बाहेरून जाड, जवळजवळ बंद भिंती आणि आत मोकळे चौक, ही पेशवेकालीन वाड्यांची नेहमीची पद्धत येथेही दिसते. उजेड आणि वारा चौकातून येतो, तर घरातील वावर बाहेरच्या नजरेपासून दूर राहतो. दगडी जोते, वर विटांचे बांधकाम आणि सागवानी खांब-तुळया हा सांगाडा आहे. काही दालनांत भित्तिचित्रे आढळतात.

वाड्यामागे कृष्णेवर अर्धचंद्राकृती घाट आहे. त्याच्या पायऱ्या थेट पात्रात उतरतात. घाटावर मेणेश्वर महादेव आणि विष्णू यांची मंदिरे आहेत. तेथील पंचधातूच्या मोठ्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधील अशा अनेक घंटा देवस्थानांना दिल्या गेल्या. मंचर–घोडेगाव–डिंभे मार्गाने जाणाऱ्या भाविकांना भीमाशंकर मंदिरापुढेही त्याच विजयाची आठवण असलेली घंटा दिसते. त्या मंदिराचे शिखरही नानांनीच बांधवले.

अखेरची वर्षे

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि नानांचा आधार गेला. वारसाच्या राजकारणात त्यांना पुणे सोडावे लागले. ते वाईस आणि तेथून महाडकडे गेले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १७९८ मध्ये सुटका होऊन ते पुन्हा कारभारात आले खरे, पण दोन वर्षांतच पुण्यात त्यांचे निधन झाले.

नानांना मुलगा नव्हता. त्यांच्या अल्पवयीन पत्नी जिऊबाई यांचे पुढचे दिवस हलाखीचे गेले. दुसऱ्या बाजीरावाची नजर नानांच्या मालमत्तेवर होती. लोहगडावर आश्रय घेतलेल्या जिऊबाईंना आर्थर वेलस्लीच्या मध्यस्थीने पनवेलला जाता आले आणि इंग्रजांकडून वार्षिक १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली. पेशवाई बुडाल्यावर त्या मेणवलीस येऊन राहिल्या. ज्याने राज्याचा हिशेब राखला, त्याच्या पत्नीला स्वतःच्या घरी परतण्यासाठी ते राज्य संपण्याची वाट पाहावी लागली.

मेणवली दप्तर

वाड्याचे महत्त्व केवळ वास्तूपुरते नाही. नानांचा पत्रव्यवहार आणि हिशेबाचे कागद येथेच जतन झाले. पेशवे घराणे आणि सरदार यांच्यातील व्यवहार, खर्चाच्या नोंदी, हेरांच्या बातम्या असा हा मजकूर बहुतांशी मोडी लिपीत आहे. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी हे दप्तर अभ्यासकांसमोर आणले. त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहालयातील साहित्य १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेले. उत्तर पेशवाईच्या अभ्यासात या कागदांना टाळता येत नाही.

सद्यस्थिती

वाडा नानांच्या वारसांकडे असून तो पर्यटकांना पाहता येतो. वाडा आणि घाट यांचे चित्रीकरण अनेक चित्रपटांत झाले असून स्वदेस (२००४) हा त्यांपैकी विशेष परिचित आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर येते.